गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च कोण मंजूर करतो?

पुण्यात दिवाळी आटोपली की सोसायट्यांच्या आवारात परांच्या उभ्या राहू लागतात. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांनी छताखाली बादल्या ठेवून दिवस काढलेले असतात, बाहेरच्या भिंतींचे पोपडे निघालेले असतात, पार्किंगमधल्या एखाद्या तुळईतून गंजलेली सळई डोकावत असते, आणि पुढचा पाऊस जूनमध्ये दाराशी येणार असल्यामुळे काम उरकायला जेमतेम सहा-सात महिने हातात असतात. कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी, सहकारनगर या भागांत १९८० आणि १९९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींनी आता तिशी ओलांडली आहे, त्यामुळे हे दृश्य दरवर्षी अधिक गल्ल्यांमध्ये दिसणार हे उघड आहे.

याच काळात दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. कमिटीतले लोक म्हणतात, "आम्हाला निवडून दिले आहे ना, मग प्रत्येक गोष्ट सभेत कशाला विचारायची?" सभासद म्हणतात, "आम्हाला न विचारता एवढा खर्च केलाच कसा?" दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे, आणि दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांनी सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिच्या कारभाराच्या नियमांची पुस्तिका, बहुधा कपाटातून बाहेर काढलेली नसते. मोठ्या दुरुस्तीच्या बाबतीत कमिटीचे काम कोणते आणि सभेचा अधिकार कोणता, हे त्या पुस्तिकेत बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले आहे.

कायद्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार सहकारी संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो आणि कलम ७३ नुसार संस्थेचे व्यवस्थापन समितीकडे असते. या दोन कलमांमध्ये विरोध नाही. इमारत सुस्थितीत ठेवणे, तक्रार आली की पाहणी करणे, तज्ज्ञ नेमण्याची तयारी करणे, कोटेशने मागवणे, मंजूर झालेले काम करवून घेणे आणि बिले तपासून पैसे देणे हे व्यवस्थापन झाले. लोकांच्या खिशातून किती पैसे काढायचे आणि ते कशावर खर्च करायचे, हे एका मर्यादेपलीकडे सभेनेच ठरवायचे असते.

ही मर्यादा आकड्यांत दिलेली आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार २५ पर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती दुरुस्ती आणि देखभालीवर एका वेळी २५ हजार रुपयांपर्यंत खर्च स्वतःच्या अधिकारात करू शकते. २६ ते ५० सभासद असतील तर ही मर्यादा ५० हजार आहे आणि ५१ किंवा त्याहून अधिक सभासद असतील तर १ लाख आहे. त्यापलीकडच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी लागते. आदर्श उपविधी हा नमुना असतो आणि प्रत्येक संस्था तो स्वीकारून नोंदवून घेते, म्हणून आपल्या संस्थेने कोणत्या वर्षाचे उपविधी स्वीकारले आहेत हे आधी पाहावे. १९८०च्या दशकातल्या उपविधींवरच अजून कारभार चालू असलेल्या संस्था पुण्यात दुर्मीळ नाहीत.

आजच्या दरांत ५० हजार रुपयांत एका बाथरूमची गळतीही धड थांबत नाही, अशी कमिट्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. मात्र त्यावर शोधला जाणारा उपाय अनेकदा चुकीचा असतो: दीड लाखाच्या कामाची ४९ हजारांची तीन बिले केली जातात आणि तीनही वेगवेगळ्या महिन्यांत दाखवली जातात. काम एकच, ठेकेदार एकच आणि गच्चीही एकच असेल, तर तो खर्चही एकच आहे, आणि लेखापरीक्षकाने त्यावर शेरा मारला की ज्या कमिटीने हे सद्भावनेने केले होते तिलाच उत्तर देत बसावे लागते. मर्यादा अपुरी वाटत असेल, तर उपविधींची रीतसर दुरुस्ती सभेपुढे आणणे हा सरळ रस्ता आहे.

तातडीच्या प्रसंगी काय करायचे, हा प्रश्न येथे येतोच. एप्रिलमध्ये पाण्याचा पंप जळाला किंवा बाल्कनीखालच्या स्लॅबचा तुकडा रस्त्यावर पडला, तर सभेची नोटीस काढून वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी धोका दूर करण्यापुरता, म्हणजे लोंबकळणारे काँक्रीट काढणे, टेकू देणे, जाळी बांधणे किंवा पंप बदलणे एवढाच खर्च करावा, त्याची लेखी नोंद समितीच्या इतिवृत्तात ठेवावी आणि लगेच विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, असे माझे मत आहे. विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते; म्हणजे आठवड्याभरात सभा होऊ शकते. तुकडा पडला म्हणून सबंध इमारतीचे प्लास्टर आणि रंग तातडीच्या नावाखाली देऊन टाकणे मात्र तातडीत बसत नाही.

दुरुस्ती आणि हौस

एक फरक चर्चेत नेहमी पुसला जातो. गळणारी गच्ची, गंजलेल्या सळया, फुटलेली ड्रेनेजची लाइन ही दुरुस्ती आहे. प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट, लिफ्टच्या बाहेर काचेचे पॅनेल आणि बागेत कारंजे ही सुधारणा आहे. सुधारणेला कायद्याची मनाई नाही, आणि सभेने साध्या बहुमताने ठरवले तर तीही करता येते. अडचण येते ती दोन्ही गोष्टी एकाच ठरावात बांधल्यावर, कारण स्लॅबच्या दुरुस्तीला कोणी विरोध करत नाही आणि त्या आडोशाने ग्रॅनाइट मंजूर होऊन जाते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला पहिली गोष्ट परवडवून घ्यावीच लागते, दुसरीला नाही म्हणण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. म्हणून दोन ठराव वेगळे ठेवावेत आणि दोहोंवर मतदान वेगळे घ्यावे.

दुरुस्ती खरोखर किती लागणार, हे ठरवण्याचा पाया म्हणजे संरचनात्मक तपासणी, जिला सगळे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींच्या मालकांवर आणि रहिवाशांवर ती तपासून घेण्याची जबाबदारी आहे. हा अहवाल समितीच्या फायलीत राहून उपयोग नाही, तो सभेच्या नोटिशीबरोबर सभासदांपर्यंत गेला पाहिजे. कोणत्या खांबाला काय झाले आहे हे वाचलेला माणूस "एवढा खर्च कशाला" असे सहसा विचारत नाही, "आधी हा खांब घ्या" असे म्हणतो, आणि ही चर्चा कितीतरी उपयोगाची असते.

ठरावात नेमके काय हवे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, कारण बहुतेक भांडणांची मुळे ठरावाच्या शब्दांत सापडतात. "इमारतीची मोठी दुरुस्ती करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली व पुढील सर्व अधिकार समितीस देण्यात आले" असा एका ओळीचा ठराव मी अनेक इतिवृत्तांमध्ये पाहिला आहे. त्या दिवशी तो सर्वांना सोयीचा वाटतो, कारण चहा निवत असतो आणि कोणालाही आकडे वाचायचे नसतात. सहा महिन्यांनी बिल दुप्पट झाले की तोच ठराव कमिटीला ढाल वाटतो आणि सभासदांना फसवणूक वाटते.

आदर्श उपविधींत अपेक्षित असलेली पद्धत वेगळी आहे. निविदा न मागवता समिती किती रकमेपर्यंतचे काम देऊ शकते, हे सभेने ठरवायचे. त्यापुढच्या कामासाठी समितीने निविदा मागवायच्या, त्या सभेपुढे ठेवायच्या, आणि सभेने मंजूर केल्यानंतर ठेकेदाराशी तसेच नेमला असल्यास वास्तुविशारदाशी करार करायचा. म्हणजे सभेची मंजुरी दोनदा लागते: एकदा काम करायचे की नाही यासाठी आणि दुसऱ्यांदा कोणाकडून व कोणत्या दराने यासाठी. समितीच्या कोणत्याही सदस्याचा संस्थेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये, हेही उपविधींत आहे. मेव्हण्याची वॉटरप्रूफिंगची कंपनी स्वस्तात काम करून देत असली तरी.

निविदा समजून घेताना सभासदांनी एकूण रकमेपेक्षा प्रमाणांकडे अधिक पाहावे. दुरुस्तीच्या कामात प्लास्टर ठोकून पाहिल्याशिवाय आतला किती भाग पोकळ आहे हे कळत नाही, आणि परांची बांधून जवळून पाहिल्यावर सळयांची अवस्था जमिनीवरून दिसली त्याहून वाईट निघते. त्यामुळे निविदेत "पॉलिमर मॉर्टारचे काम ५०० चौरस फूट" असे लिहिलेले असताना प्रत्यक्षात ते १,२०० चौरस फूट भरणे ही लबाडीच असते असे नाही, मात्र तशी असूही शकते. म्हणून प्रत्येक बाबीचा दर पक्का आणि प्रमाण प्रत्यक्ष मोजणीनुसार, अशी निविदा असावी, मोजणीचे पुस्तक ठेकेदाराव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी, म्हणजे नेमलेल्या अभियंत्याने भरावे, आणि ठरावात वाढीची मर्यादा लिहावी. मंजूर रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतची वाढ समितीने सल्लागाराच्या लेखी शिफारशीवर मान्य करावी आणि त्यापुढे सभेकडे परत यावे, असे एक वाक्य ठरावात असले, तर परांची चढलेली असताना होणारे निम्मे वाद टळतात. ही १० टक्क्यांची मर्यादा कायद्यातली नाही. सभा ती ५ किंवा १५ ठेवू शकते.

कराचा मुद्दा लहान दिसतो, पण खिशाला मोठा लागतो. नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. निविदेतली ४८ लाखांची रक्कम कर वगळून असेल, तर प्रत्यक्ष भार ५६ लाख ६४ हजारांचा होतो. सभेत कोणीतरी "कर धरून की सोडून?" हा साधा प्रश्न विचारलाच पाहिजे. संस्थेने गोळा केलेल्या वर्गणीवरही ठरावीक मर्यादेनंतर जीएसटी लागू होऊ शकतो, त्यामुळे हप्ते ठरवण्याआधी सनदी लेखापालाचा सल्ला घेतलेला बरा.

वाटा समान की क्षेत्रफळानुसार?

वन बीएचके आणि थ्री बीएचके एकाच इमारतीत असले की येथे आवाज चढतात. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे झाडलोट, सुरक्षारक्षक, जिन्यातले दिवे यांसारखे सेवाशुल्क सर्वांना समान असते आणि लिफ्टचा खर्चही समान असतो, तळमजल्यावरच्या सभासदालासुद्धा. नेहमीच्या दुरुस्तीचा निधी मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी दरवर्षी बाजूला काढलेली ठेव, किमान ०.२५ टक्के या दराने गोळा होतो. मोठ्या दुरुस्तीचा निधी सभा ठरवेल तेव्हा क्षेत्रफळाच्या आधारे घ्यायचा असतो.

समजा, ४० सदनिकांची एक संस्था आहे. २० सदनिका ६०० चौरस फुटांच्या आणि २० सदनिका ९०० चौरस फुटांच्या आहेत, म्हणजे एकूण ३० हजार चौरस फूट. कर धरून खर्च ४८ लाख आहे आणि संस्थेकडे १२ लाख शिल्लक आहेत. उरलेले ३६ लाख क्षेत्रफळाने वाटले तर दर चौरस फुटाला १२० रुपये पडतात, म्हणून लहान सदनिकेला ७२ हजार आणि मोठ्या सदनिकेला १ लाख ८ हजार रुपये येतात. समान वाटले असते तर प्रत्येकाला ९० हजार आले असते. वाद १८ हजारांचा आहे, आणि त्यापायी एक पावसाळा वाया गेलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. त्या पावसाळ्यात वाढलेले नुकसान १८ हजारांहून जास्तच भरले असणार.

इतकी वर्षे सिंकिंग फंड भरूनही पैसे का पुरत नाहीत, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. समजा, तीस वर्षांपूर्वी बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ४०० रुपये होता. तेव्हा ३० हजार चौरस फुटांचा बांधकाम खर्च १ कोटी २० लाख होतो आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ३० हजार रुपये. तीस वर्षांत मुद्दल ९ लाख साठते. व्याजावर व्याज चढत गेले असते तर रक्कम बरीच मोठी झाली असती, पण बहुतेक ठिकाणी मधल्या काळात लिफ्ट बदलताना किंवा रंगकाम करताना ती ठेव मोडलेली असते. ०.२५ टक्के हा किमान दर आहे, तो वाढवण्याचा अधिकार सभेला आहे, आणि जुन्या बांधकाम खर्चावर गोळा होणारी रक्कम आजच्या दरांच्या दुरुस्तीला पुरी पडणार नाही हे गणिताने दिसतेच आहे. हा फंड वापरायलाही सभेचा ठराव आणि वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र लागते; रंगकामासाठी तो सहज काढण्याची सोय नाही.

सभेची रीत

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. दुरुस्तीचा विषय या सभेत "आयत्या वेळचे विषय" या सदरात घुसवणे मला मुळीच पसंत नाही, कारण लाखोंच्या खर्चावर विचार करून यायला सभासदाला वेळ मिळायला हवा. विशेष सभेत तर नोटिशीत नसलेला विषय घेताच येत नाही. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. ४० जणांच्या संस्थेत २०. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. म्हणजे घरी बसून निषेध नोंदवणाऱ्यांशिवायही निर्णय होतो आणि तो त्यांनाही बंधनकारक असतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत किंवा जे स्वतःच परगावी राहतात अशा मालकांची संख्या पुण्यात मोठी आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे की सभेत मुखत्यारपत्रधारकाला किंवा पत्र घेऊन आलेल्या भावाला सभासदाच्या वतीने बसता येत नाही. सहयोगी सभासद म्हणून रीतसर नाव असेल तर मूळ सभासदाच्या गैरहजेरीत त्याला मत देता येते. मत एका सभासदाला एकच, सदनिका कितीही मोठी असली तरी. एकदा झालेला ठराव रद्द करणारा ठराव सहा महिन्यांच्या आत आणता येत नाही, त्यामुळे विरोध असेल तर तो त्याच दिवशी, कारणांसह आणि इतिवृत्तात नोंदवून करावा.

कमिटी सभाच बोलावत नसेल, तर एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी दिली की महिन्याभरात विशेष सभा बोलावणे बंधनकारक आहे. ४० जणांत आठ सह्या. कोटेशने, करार, बिले, बँकेचे उतारे पाहण्याचा हक्क सभासदाला आहे आणि शुल्क भरून प्रती मागता येतात. एवढे करूनही संशय उरला, तर एक पंचमांश सभासद कलम ८३ खाली चौकशीची मागणी निबंधकांकडे करू शकतात आणि वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. राज्याचे सहकार आयुक्तालय पुण्यातच असल्यामुळे अनेकजण थेट तिथे अर्ज घेऊन जातात. पहिली पायरी मात्र आपल्या भागाच्या उपनिबंधकांचे कार्यालय हीच आहे. दुसऱ्या बाजूने, सभेने रीतसर ठरवलेली वर्गणी जो सभासद देत नाही त्याच्याकडून ती कलम १५४ब-२९ खाली वसूल करण्याचा मार्ग संस्थेला आहे, आणि "मला न विचारता ठरवले" हे तेव्हा उत्तर होत नाही.

वरचे सगळे सहकारी संस्थेला लागू आहे. पुण्यातल्या पुष्कळ इमारती मात्र महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली येतात, आणि फाटकावर "सोसायटी" की "अपार्टमेंट" लिहिले आहे यावरून ते ठरत नाही. नोंदणी प्रमाणपत्र आहे की नोंदवलेले घोषणापत्र आहे, हे पाहावे लागते. तिथे सामाईक खर्चाचा वाटा घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेपुढे लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने पडतो, आणि बहुमतही डोकी मोजून नव्हे तर त्याच टक्केवारीने, ५१ टक्के किंवा अधिक, मोजले जाते. समान की क्षेत्रफळानुसार हा वाद तिथे सभेत घालण्यात अर्थ नाही, कारण उत्तर दस्तात लिहून ठेवलेले आहे. पुनर्विकास हा आणखी वेगळा विषय आहे; सहकारी संस्थांसाठी त्याला ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाची स्वतंत्र कार्यपद्धती आहे आणि दुरुस्तीचे नियम त्याला लावता येत नाहीत.

काम सुरू झाल्यावर सभासदांचा सहभाग संपत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. परांचीवरच्या कामगाराला खिडकीतून सूचना देणे हा सहभाग नव्हे; तीन-चार जाणत्या सभासदांची दुरुस्ती उपसमिती नेमून तिने दर शनिवारी अभियंत्याबरोबर फेरी मारणे आणि पाहणीच्या नोंदी व दिलेल्या बिलांचा गोषवारा फलकावर लावणे, हा आहे. प्रत्येक बिलातून ५ किंवा १० टक्के रक्कम राखून ठेवण्याची अट करारात घालून घ्यावी. काम संपल्यावर गच्चीत पाणी तुंबवून तपासणी करावी, पण राखलेली रक्कम तेव्हाच मोकळी करू नये. ठेकेदार मे महिन्यात अंतिम बिल घेऊन येतो आणि पैशांची घाई करतो. त्याला ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगणारे कलम करारात असले, तर वरच्या मजल्यावरच्या सभासदाने जुलै-ऑगस्टमध्ये छताखाली बादली ठेवली की नाही, हे पाहून शेवटचा धनादेश काढता येतो.